माशांच्या टँकच्या एकाच कोपऱ्यात झाडं खराब होतात, काळं शेवाळ येतं. मोठा फिल्टर घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन फुटी प्लँटेड टँक (माशांबरोबर पाणझाडं लावलेला) आहे, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला डबा) आहे, झाडांसाठी सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सिलिंडरमधून चालू आहे. डावीकडची रोटाला, म्हणजे उंच वाढणारं पाणझाड, जोमात वाढते. उजव्या कोपऱ्यात, लाकडामागे, अनुबियास या पाणझाडाच्या पानांच्या कडांना शेवाळाचे काळे केस आलेत आणि क्रिप्टोची (क्रिप्टोकोरिन या पाणझाडाची) पानं कुजून पडतात. दुकानदार म्हणतो, दुप्पट ताकदीचा फिल्टर घ्या.

लगेच घेऊ नका. अगदी हीच तक्रार माझ्या टँकमध्ये होती आणि मी आधी पैसे खर्च केले, विचार नंतर केला. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, पाण्याला जोर बऱ्यापैकी आहे, पण त्या कोपऱ्यापर्यंत जायची वाटच त्याला मिळत नाहीये. दिवा एक, पाणी एक, खत एक, आणि तरीही डावीकडचं झाड सुखात नि उजवीकडचं आजारी, यातच अर्धं उत्तर आहे. खत कमी पडत असतं तर वेगानं वाढणाऱ्या रोटालानं सगळ्यात आधी ओरड केली असती. तिची नवी पानं फिकट पडली असती किंवा खालची पिवळी होऊन गळली असती.

प्रवाहाचा झाडांच्या तब्येतीशी एवढा संबंध का, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल. पावसाळ्यात आपण घरात दोरीवर कपडे वाळत घालतो. हवा सगळ्या खोलीत तीच असते, पण पंख्याखालचा शर्ट वाळतो आणि कपाटामागच्या कोपऱ्यातला कुबट राहतो, कारण त्याच्याभोवतीची दमट हवा हलतच नाही. पानाचंही तसंच आहे. प्रत्येक पानाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. पान त्या थरातला कार्बन डायऑक्साइड आणि खत खाऊन टाकतं, मग बाहेरून नवीन माल आत झिरपायला हवा. हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणजे टँकमध्ये सीओटू भरपूर असला तरी संथ कोपऱ्यातलं पान उपाशी राहू शकतं. पाणी नुसतं हलतं राहिलं की तो थर पातळ होतो आणि पान खायला लागतं. उपाशी, थकलेल्या पानावर शेवाळ चटकन बसतं. त्यातही ते काळ्या केसांचं शेवाळ, ज्याला आपण सगळे बीबीए (ब्लॅक बिअर्ड अल्गी) म्हणतो, ते जिथे सीओटू कमी-जास्त होत राहतो तिथे हमखास येतं. अनुबियास हळू वाढतं, तीच पानं महिनोन्महिने राहतात, म्हणून पहिला बळी तेच.

आता आधी पाणी कुठे जातंय ते डोळ्यांनी बघा. रात्री टँकचा दिवा बंद झाल्यावर खोलीतले दिवेही घालवा. माशांचं फ्लेक खाणं चिमूटभर बोटांत चुरून त्याची पूड फिल्टरच्या तोंडापाशी सोडा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूच्या काचेला टेकवून धरा. त्या उजेडाच्या पट्ट्यात एकेक कण दिसतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वीस मिनिटं जमिनीवर बसून होतो. कण पुढच्या काचेपाशी भराभर पळत होते, मधल्या दगडाला वळसा घालून वर चढत होते, आणि लाकडामागे गेलेला कण मात्र तिथेच लटकून राहिला. खाली पडेना, पुढे जाईना. माझे काळे केस बरोबर त्याच वितीभर जागेत होते. चुरा चिमटीपेक्षा जास्त नको, आणि दुसऱ्या दिवशी माशांना तेवढं खाणं कमी द्या.

दुसरं, फिल्टर खरोखर किती पाणी फेकतोय ते मोजा. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि मीडिया (गाळणीचे खडे वगैरे) भरला, नळ्या लावल्या, पाणी उंच चढवलं की तो बराच उतरतो. परतीची नळी टँकमधून काढून दहा लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. बादली स्टुलावर, टँकच्या पाण्याच्या उंचीला असू द्या. जमिनीवर ठेवलीत तर उतारानं पाणी जास्त पडतं आणि आकडा फसवा येतो. माझ्या फिल्टरच्या खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलं होतं. बादली भरायला ७० सेकंद लागले, म्हणजे ताशी सुमारे ५१४ लिटर. नळ्या काढून लांब ब्रशनं आतून घासल्या तर तपकिरी बुळबुळीत थर लडीच्या लडी बाहेर आला. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळले (नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात धुवू नका, आतले उपयोगी जिवाणू मरतात). मग तीच बादली ५० सेकंदांत भरली, म्हणजे ताशी ७२०. एका ब्रशच्या किमतीत मला जवळजवळ दीडपट फिल्टर मिळाला.

किती हवं, तर हौशी लोकांचा ठोकताळा असा की सीओटूवाल्या टँकमध्ये तासाला टँकच्या पाण्याच्या पाच ते दहा पट पाणी फिरावं. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा टँक भरतो १८२ लिटर, पण माती, दगड, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा करता पाणी दीडशे लिटरच्या आसपास. त्या हिशेबानं ७२० म्हणजे जेमतेम पाच पट, ठोकताळ्याच्या खालच्या टोकाला. तरीही माझा टँक नंतर त्याच फिल्टरवर सुधारला, म्हणून या आकड्याला मी फार मान देत नाही. दहा पट पाणी एकाच रेषेत पळत असेल आणि लाकडामागे काहीच पोचत नसेल तर उपयोग काय?

माझी मोठी चूक इथेच झाली होती. एका दुकानदाराच्या सल्ल्यानं मी एक वेव्हमेकर (पाणी ढकलणारा छोटा पंप) आणला आणि फिल्टरच्या तोंडाच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला लावला. दोन्हीकडून जोर लागला की सगळं पाणी हलेल असं वाटलं. झालं उलटंच. दोन प्रवाह टँकच्या मधोमध येऊन भिडायचे आणि तिथे त्यांचा जोर संपायचा. आठवड्याभरात मध्यावरच्या मोन्टे कार्लोवर (जमिनीलगत पसरणारं पाणझाड) राखाडी गाळाचा ढीग साचला आणि खालून ती पिवळी पडली. वेव्हमेकरसमोरची रोटाला आडवी झाली, टेट्रा मासे एका कोपऱ्यात दाटी करून बसू लागले. लाकडामागचे काळे केस होते तिथेच राहिले.

पाण्याला टँकमध्ये एकच फेरी द्या. दोन पद्धती मी वापरल्या आहेत. पहिली, स्प्रे बार, म्हणजे फिल्टरच्या परतीच्या टोकाला लावायची ओळीनं भोकं असलेली नळी. तो मागच्या काचेला, शक्य तितका लांबपर्यंत, पाण्याच्या पातळीखाली दोन-तीन सेंटीमीटर आडवा लावायचा, भोकांची तोंडं पुढच्या काचेकडे. पाणी वरून पुढे जातं, पुढच्या काचेवर आपटून खाली उतरतं, जमिनीवरून मागे सरकतं आणि मागच्या झाडांतून वर चढतं. म्हणजे सीओटू खालच्या झाडांपर्यंत आपोआप पोचतो. शेवटच्या भोकांतून धार लुळी पडत असेल तर पहिली एक-दोन भोकं बुजवा. दुसरी पद्धत काचेच्या लिली पाईपची, म्हणजे फुलासारखं रुंद तोंड असलेल्या नळीची. ती आपल्याला जपानच्या ताकाशी आमानो यांच्या टँकमुळे माहीत झाली. त्यात पाण्याचं तोंड आणि ओढणारी नळी दोन्ही एकाच आखूड बाजूला असतात, पाणी वरून लांब टोकाला जातं आणि खालून परत येतं. दिसायला ती देखणी आहे यात वाद नाही. पण मधे मोठं लाकूड असलेल्या तीन फुटी टँकमध्ये मी स्प्रे बारच सांगेन. कुठलीही घ्या, दोन प्रवाह समोरासमोर आणू नका.

आणि ते लाकूड हलवा. मला माहीत आहे, ते जिथे ठेवलंय तिथे ठेवायला तुम्ही दोन दिवस घालवले असतील. पण मागच्या काचेला चिकटलेलं लाकूड दोन इंच पुढे घेतलं की मागून पाण्याला गल्ली मिळते. माझ्या टँकमध्ये सगळ्यात मोठा फरक याच दोन इंचांनी पडला. झाडांची छाटणीही याच कारणासाठी करायची असते. रोटालाचं दाट झुडूप म्हणजे पाण्यासमोरची भिंत, त्याच्या पोटातली खालची पानं गळून देठ उघडे पडतात. दर दोन-तीन आठवड्यांनी ते विरळ करा.

सीओटूबद्दल. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगानं दाखवणारी काचेची कुपी) तुम्ही बहुधा डिफ्युझरजवळच (गॅसचे बारीक बुडबुडे करणाऱ्या तुकड्याजवळ) लावला असेल, सगळेच लावतात, आणि तिथे तो छान हिरवा दिसतो. तो एक दिवस लाकडामागे चिकटवा. त्याला रंग बदलायला तास-दोन तास लागतात, म्हणून दिवा लागल्यावर तीन-एक तासांनी बघा. आत चार डीकेएचचं (पाण्याच्या कार्बोनेट क्षारतेचं माप) तयार द्रावण असेल तर हिरवा म्हणजे सीओटू ३० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका. डिफ्युझरपाशी हिरवा आणि लाकडामागे निळा आला तर सिलिंडरचे बुडबुडे वाढवू नका, वाटप सुधारा. आधी गॅस वाढवला तर डावीकडचे मासे वर येऊन तोंड मारायला लागतील आणि उजवीकडे तरीही कमीच पडेल. डिफ्युझर अशा जागी हवा की वर चढणारे बारीक बुडबुडे प्रवाहात सापडून खाली ढकलले जातील. गॅस दिवा लागायच्या तास-दोन तास आधी सुरू करा आणि दिवा बंद व्हायच्या तासभर आधी थांबवा.

पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावर हलकी लहर दिसली पाहिजे. त्यानं थोडा सीओटू उडतो म्हणून काही जण पृष्ठभाग आरशासारखा ठेवतात. मला ते पटत नाही. वर तेलकट साय धरते, आणि रात्री झाडं, मासे, जिवाणू सगळेच ऑक्सिजन वापरत असतात, तो आत यायला ही लहर लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर जास्तच. २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला सुमारे ७.३. मी उन्हाळ्यात स्प्रे बार थोडा वर फिरवतो आणि एक छोटा पंखा पाण्यावर सोडतो. पाणी उडतं तेवढं रोज भरावं लागतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट आजच तपासा: सीओटूचा सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि फिल्टर एकाच बोर्डावर आहेत ना? वीज गेल्यावर फिल्टर बंद आणि गॅस चालू राहिला तर पाणी फिरत नाही, गॅस मात्र साठत जातो. आणि कॅनिस्टर काही तास बंद पडला असेल तर आतलं कुबट पाणी ओतून टाकूनच सुरू करा.

जोर किती, याचं माझं माप सोपं आहे. प्रत्येक झाडाचं निदान एक पान हळू डुलताना दिसावं, आणि एकही झाड आडवं पडलेलं नसावं. सिंधुदुर्गातल्या एका वहाळाच्या काठी मी रानातली क्रिप्टोकोरिन पाहिली आहे. मधल्या धारेत एक रोप नव्हतं. कडेला, दगडाआड, जिथे पाणी थांबत नाही पण ओढतही नाही, तिथे दाटी होती. तुमच्या कोपऱ्याला तेवढंच पाणी हवंय. बेटा किंवा गुरामी मासे ठेवले असतील तर याहून थोडं कमीच ठेवा, त्यांना धार सोसत नाही.

काळे केस आलेली पानं सुधारणार नाहीत, ती देठापाशी कापा. अनुबियासचा आडवा कंद मातीत गाडला गेला असेल तर मोकळा करा, नाहीतर तो सडतो. लाकूड बाहेर काढाल तेव्हाच जुन्या टूथब्रशनं घासून घ्या. क्रिप्टोची उरलेली पानं या हलवाहलवीत पडली तर घाबरून रोप उपटू नका, मुळं शाबूत असली की ती परत फुटते. हे सगळं एका रविवारी करा आणि नंतर तीन आठवडे खत, दिवा, गॅस कशालाच हात लावू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही. जुनी पानं बघू नका, मधून येणारं कोवळं पान बघा. माझ्याकडे लाकडामागच्या अनुबियासला असं पहिलं स्वच्छ पान आलं ते अठराव्या दिवशी. तीन आठवड्यांनीही तुमच्याकडे नवं पान काळंच आलं, आणि बादलीचा आकडा नळ्या साफ करूनही ताशी पाचशेच्या खालीच राहिला, तर मात्र खुशाल मोठा फिल्टर घ्या.