'भारी होतं रे!' याच्या पुढे काय बोलायचं?

यावेळी गंमत झाली. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीबद्दल होती. आपल्याच बरोबरीच्या माणसाने लिहिलेली एकांकिका बघितली की त्याला सांगायचं काय? स्पर्धांचा सीझन आहे, ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये तालमी चालू आहेत, त्याचाच परिणाम असणार. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

ताई, आम्ही पाच-सहा जण एकांकिका लिहितो, दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाची एकांकिका प्राथमिक फेरीत होती. मी रजा टाकून गेलो, नंतर मेकअप रूममध्ये जाऊन 'भारी होतं रे, एक नंबर' म्हटलं तर तो म्हणाला, 'तू बघितलीस तरी का?' मला खरंच आवडली होती हो. पण आवडलं ते सांगायचं कसं? (ऐरोली)

आधी तुमची जागा चुकली. मेकअप रूम ही बोलायची जागाच नाही. ठरलेल्या मिनिटांत सेट उतरवायचा असतो, पुढची टीम आपल्या लेव्हल्स, म्हणजे सेटचे चौथरे, घेऊन विंगेत उभी असते, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत असतो, आणि प्रॉपर्टीतला कुणाच्या तरी आजीचा कंदील सापडत नसतो. तिथे मिठी मारायची आणि निघायचं, बास. बोलायचं दुसऱ्या दिवशी, शांतपणे, फोनवर नाहीतर तलावपाळीवर चक्कर मारताना.

आता 'भारी'बद्दल. ते खोटं नाहीये, पण ते कुठल्याही एकांकिकेला चालतं आणि तिथेच घोळ आहे. गाण्याच्या बैठकीत बघा, सतत मान डोलावणारा एक असतो आणि नेमक्या जागेला 'वा' म्हणणारा एक असतो, गाणारा कुणाकडे बघून हसतो? लिहिणाऱ्याचंही तेच. त्याला जागा दाखवून दाद हवी असते.

एक उदाहरण देते. मध्ये एका मैत्रिणीची एकांकिका बघितली. आई गेलीय, दोन भाऊ भांड्यांची वाटणी करतायत. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत, तर मोठा भाऊ एकेक भांडं उचलून त्याच्यावरचं नाव वाचतो, 'वास्तुशांत, अमुक साली', 'मुंजीनिमित्त मामाकडून', आणि लोक हसतायत, सगळ्यांच्या घरी असलीच भांडी ना. मग एक छोटी वाटी हातात येते. तो बघतो आणि वाचत नाही. पुढचं भांडं उचलतो. धाकटा विचारतो, 'त्याच्यावर काय होतं?' मोठा म्हणतो, 'काही नाही, पुसलंय.' आणि वाटी खिशात टाकतो. पार शेवटी शेवटी आपल्याला कळतं की त्या वाटीवर आईचं माहेरचं नाव होतं. मी तिला दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच म्हटलं, की तो 'पुसलंय' म्हणाला तेव्हा माझ्या शेजारची बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती ती थांबली. पलीकडून दहा सेकंद आवाज नाही. मग ती म्हणाली, 'त्या वाक्यावर मी तीन आठवडे काढलेत.'

तर असं करा. अंधारात मोबाइल काढून टिपणं घेऊ नका, मागच्यांना त्रास होतो. दोन एकांकिकांच्या मध्ये जो वेळ मिळतो त्यात पत्रकाच्या मागे तीन गोष्टी लिहा: काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि आपण खुर्चीत कधी सावरून बसलो. विशेषणं एकही नको. 'आशयघन', 'प्रभावी', 'वेगळा विषय' हे शब्द परीक्षकांसाठी सोडा, त्यांना पंचवीस टीमना काहीतरी म्हणायचं असतं.

आणि बघायचं काय, तर लेखकाने काय गाळलं ते बघा. दोन अंकी नाटकात लेखकाला मध्ये चहाचा वेळ असतो, पहिली पंधरा मिनिटं पाहुण्यांच्या ओळखीत गेली तरी चालून जातं. एकांकिकेत हातात पाऊण तास, बऱ्याचदा त्याहून कमी. मग गोष्ट किती उशिरा सुरू केलीय, कोण स्टेजवर आलंच नाही तरी सतत जाणवत राहतं, माहिती कशी पोचवलीय हे बघण्यासारखं असतं. 'अगं, तू तर माझी सख्खी बहीण, दहा वर्षं अमेरिकेत होतीस' असं कुणी बहिणीला सांगत नाही, पण आपण सगळ्यांनी असं वाक्य कधी ना कधी लिहिलेलं आहे, मी पण. मित्राने ते टाळलं असेल तर कसं टाळलं ते शोधून त्याला सांगा. हे दुसऱ्या लेखकालाच दिसतं, बाकीच्यांना तिथे काही घडलंय हेच कळत नाही.

प्रयोग आवडला तर त्यातलं लेखकाचं किती, दिग्दर्शकाचं किती आणि नटाचं किती, हे ओळखायचं कसं? मी नोकरी सांभाळून लिहिते, तालमींना जाणं जमत नाही. (खारघर)

संहिता मागा. मित्र आहे, देईल. प्रयोग आधी बघा, संहिता नंतर वाचा, आणि वाचायची ती मोठ्याने. नुसती डोळ्यांखालून घातली तर संवाद सगळे गोडच वाटतात, जिभेवर घेतले की कुठे अडखळतात ते कळतं. तेंडुलकरांच्या संवादांत ती टिंबं असतात ना, अर्धवट सोडलेली वाक्यं, ती कागदावर नुसती टिंबं दिसतात. मोठ्याने वाचलं की कळतं माणूस तिथे बोलायचं टाळतोय.

त्या वाटीचंच पुढे सांगते. मला पक्कं वाटलं होतं की वाटी खिशात टाकणं हे मैत्रिणीचं, आणि तिला तसं म्हणणारही होते. संहिता वाचली तर त्यात फक्त 'वाटी बाजूला ठेवतो' एवढंच! खिसा नटाचा. तालमीत एकदा चुकून त्याने ती खिशात घातली आणि दिग्दर्शकाने ते ठेवलं. मग मैत्रिणीचं काय? तर तिचं हे, की आधीची सगळी नावं तिने मोठ्याने वाचायला लावली. नावं वाचायची सवय तिने आपल्याला पाच मिनिटं लावली म्हणून ते एक न वाचणं ऐकू आलं. खिसा नसता तरी ती जागा उभी राहिली असती, वाचन नसतं तर खिशाला काही अर्थच नव्हता. असं वेगळं करून बघायला वेळ लागतो पण मजा फार येते, आणि नटालाही त्याचं श्रेय त्याच्या नावाने देता येतं. लेखकाला नटाचं कौतुक ऐकवलं तर तो रुसतो असं म्हणतात, रुसू दे.

खरं सांगू का, मैत्रिणीला पहिल्याच एकांकिकेला लेखनाचं बक्षीस मिळालं. मी सहा वर्षं लिहितेय. तोंडावर अभिनंदन केलं पण आत जळले. असं असताना दाद देणं म्हणजे ढोंग नाही का? (कळवा)

नाही. जळफळाट होऊ दे, तो दोन दिवसांत ओसरतो, न ओसरला तर चार. तेवढे दिवस तिच्या एकांकिकेबद्दल काही बोलू नका, चांगलंही नको, कारण जळताना केलेलं कौतुक जरा जास्तच गोड होतं आणि समोरच्याला ते कळतं. आणि एक सांगते, आपल्याला जिथे सगळ्यात जास्त टोचलं ना, बहुतेक तीच त्या एकांकिकेतली सगळ्यात चांगली जागा असते. 'हे मला का नाही सुचलं' असं कुठल्या वाक्याला वाटलं तेवढं आठवा आणि चार दिवसांनी ते वाक्य तिला सांगा. ढोंग कसलं त्यात, ते तर सगळ्यात खरं आहे.

आणि आवडलीच नाही तर? (घणसोली)

प्रश्न चार शब्दांचा आहे, पण याच्यावरून ग्रुप फुटलेले बघितलेत मी. खोटं बोलू नका. गप्प बसलात तरी चालतं, पण रविवारी परत त्याच घरी जमायचं असेल तर गप्प बसणंही भारी पडतं. मी दोन गोष्टी पाळते. एक, 'मी असते तर असा शेवट केला असता' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ती माझी एकांकिका नाही, मला तसा शेवट हवा असेल तर मी माझी लिहावी. दोन, मत देण्याऐवजी खरा प्रश्न विचारायचा. 'तो बाप दुसऱ्यांदा परत का येतो गं? मला ते कळलं नाही.' याचं उत्तर लेखकाकडे असेल तर तो सांगतो आणि आपल्यालाच कळतं की आपण एक वाक्य चुकवलं, शेजारी कुणीतरी वेफर्सची पुडी फोडली तेव्हा. उत्तर नसेल तर तो घरी जाऊन दहा दिवस त्याच्यावर विचार करतो, आपल्याला पुढे काही बोलायची गरज पडत नाही.

फक्त एक पथ्य, प्रयोगाच्या दिवशी नाही. आणि अंतिम फेरी व्हायची असेल तर त्याच्या आधी तर अजिबात नाही, तेव्हा संहितेतला 'पण'सुद्धा हलवता येत नाही, उगाच नट बिथरतात.

आम्ही कॉलेजात दहा मिनिटांचं काहीतरी बसवतोय, एकच पात्र आहे. याला एकांकिका म्हणायचं का? आणि शिकायचं तर बघायला कुठे जाऊ? (कोपरी)

नाव काय द्यायचं ते नंतर बघा. पण आधी दिवाकरांच्या नाट्यछटा वाचा. पुण्यातले शाळामास्तर, १९११ च्या सुमाराला त्यांनी या लिहायला घेतल्या. एकच माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते त्याच्या बोलण्यावरूनच आपण ओळखायचं. दीड-दोन पानांत एक माणूस ढोंगासकट उभा राहतो. शाळेत पाठांतराच्या स्पर्धेत हातवारे करून म्हणायला लावल्यामुळे आपण त्यांचं वाटोळं केलंय, पण शांतपणे वाचा, तुमच्या दहा मिनिटांतलं काय काय उडवता येईल ते दिसेल.

बघायला कुठे? तुम्ही तर नशीबवान. गडकरी रंगायतन चालत जाता येईल एवढ्यावर, घोडबंदरच्या बाजूला घाणेकर नाट्यगृह आहे, त्याच्यातला छोटा हॉल एकांकिकांना फार चांगला, नटाचा चेहरा दिसतो. पलीकडे वाशीला भावे नाट्यगृह. तिघांचीही नावं नाटकवाल्यांची, आणि त्यातले विष्णुदास भावे म्हणजे १८४३ साली सांगलीला पहिलं मराठी नाटक करणारे. जमलं तर २५ जानेवारीच्या रात्री 'सवाई' एकांकिका स्पर्धेला जाऊन बसा. वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिका रात्रभर चालतात. पहाटे चारची एकांकिका डोळे उघडे ठेवून बघायला लावणारा लेखक काय करतो ते तिथे शिकायला मिळतं, कुठल्याही कार्यशाळेत नाही. पण नुसत्या जिंकलेल्याच बघू नका. प्राथमिक फेरीत दिवसभर बसा, वाईट एकांकिका ओळीने पाच बघितल्या की सहावी बरी असली तरी ती का बरी आहे ते लख्ख कळतं. डबा न्या, पाणी न्या. आणि येताना एकटे येऊ नका, वाशीहून ठाण्याची लोकल पकडली की अर्ध्या तासात एका एकांकिकेवर नीट भांडून होतं.

तुम्हाला स्वतःला मिळालेली सगळ्यात चांगली दाद कुठली? (वर्तकनगर)

पहिल्या एकांकिकेची. परीक्षक म्हणाले होते 'आशय चांगला, मांडणीत अजून काम हवं'. मित्र म्हणाले 'भारी'. बक्षीस काहीच नाही. शेवट असा होता की घर सोडून निघालेली बाई दाराशी आपली चप्पल शोधतेय, एक सापडलीय, दुसरी शोधता शोधता पडदा. आम्ही रडवेल्या तोंडाने सामान गोळा करत होतो तर पडदा ओढणारे काका जवळ आले, म्हणाले, 'बाई, पडदा जरा उशिरा पडला, रागावू नका. ती चप्पल शोधत होती ना, म्हटलं सापडू दे.'

पुढच्या प्रयोगाच्या संहितेत शेवटच्या ओळीखाली मी पेनाने लिहून ठेवलं: पडदा, दोन सेकंद थांबून.