क्रूगर आणि केपचा किनारा: लेन्सआधी महिना ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुट्टीत बारा दिवस दक्षिण आफ्रिका, फोटो काढायला. त्यात क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचे पाच दिवस आणि चार वेगवेगळे कॅम्प (उद्यानातल्या मुक्कामाच्या जागा), नाहीतर उद्यानाबाहेर स्वस्तात राहायचं, मग केपटाऊन आणि आसपासचा किनारा. हाताशी २००-६०० आणि २४-७० मिलिमीटरच्या झूम लेन्स आहेत. तर ६०० चा प्राइम (झूम नसलेली, एकाच अंतराची लेन्स) भाड्याने घ्यावा का, आणि समुद्रासाठी कुठला फिल्टर?

प्राइम घेऊ नका. ते पैसे क्रूगरमधल्या आणखी दोन रात्रींवर घाला. आणि जमत असेल तर सहल सप्टेंबरवर ढकला. मी तिथे तीनदा गेले आहे, त्यातली पहिली सहल जवळजवळ तुमच्याच आराखड्यासारखी होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच देशात असूनही क्रूगरचा पावसाळा आणि केपटाऊनचा पावसाळा उलटे आहेत. क्रूगरला उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते मार्च, पाऊस पडतो. केपटाऊनला पडतो तो हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट. जंगलासाठी जून-जुलै उत्तम: गवत वाळून आडवं झालेलं, झाडं विरळ, जनावरं पाण्याला धरून. पण तेव्हा केपला ढग, पाऊस आणि वादळी वारा. डिसेंबरला केपला ऊन असतं आणि क्रूगर हिरवंगार, दाट. दहा मीटरवरचा सिंह दिसत नाही. दोन्ही बऱ्यापैकी साधणारा महिना सप्टेंबर. क्रूगर अजून कोरडं असतं, केपचा पाऊस ओसरायला लागलेला असतो, केपच्या किनाऱ्यावरच्या हर्मानस गावाच्या खाडीत देवमासे असतात आणि पश्चिम किनाऱ्यावर रानफुलांचा हंगाम चालू असतो.

मुलांच्या शाळेमुळे डिसेंबरच हातात असेल तर तोही वाया जात नाही, पण अपेक्षा बदलून जा. तेव्हा इम्पालांची पिल्लं असतात, स्थलांतर करून आलेले नीलपंख आणि वेडे राघू असतात, दुपारी काळे ढग जमतात आणि त्याखाली हिरवं माळरान उजळून निघतं. बिबट्याच्या मागे लागलात तर मात्र पाच दिवस झुडपांचे फोटो घेऊन याल.

आता कॅम्प. क्रूगर उत्तर-दक्षिण साधारण ३५० किलोमीटर लांब आहे. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. पाच दिवसांत चार कॅम्प म्हणजे रोज सामान बांधायचं, संध्याकाळी दार बंद व्हायच्या आत पुढचा कॅम्प गाठायचा, आणि उत्तम उजेडाच्या वेळी नजर घड्याळावर. पहिल्या खेपेला आम्ही हेच केलं. एका संध्याकाळी रस्त्याकडेच्या झाडावर बिबट्या होता, खाली उतरण्याच्या बेतात, आणि आम्हाला कॅम्पला पोचायला अजून बावीस किलोमीटर. निघालो. मागच्या गाडीतल्या बाईंचा मुक्काम तिथून जवळच्याच कॅम्पवर होता, त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तो फोटो दाखवला. अजून सलतंय.

दुसऱ्या खेपेपासून आम्ही दोनच कॅम्प धरतो: लोअर साबी आणि साटारा, प्रत्येकी तीन रात्री. लोअर साबी ते स्कुकुझा (आणखी एक कॅम्प) हा नदीकाठचा रस्ता बिबट्यांसाठी नावाजलेला आहे, आणि लोअर साबीच्या दारापासून मिनिटाभरावर सनसेट डॅम नावाचं तळं आहे. आम्ही तीन संध्याकाळी तिथेच गाडी लावून बसलो. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, काहीच नाही इथे. दुसऱ्या संध्याकाळी कळलं की पाणघोडे उजवीकडे जमतात आणि उजेड डावीकडून येतो. तिसऱ्या संध्याकाळी एक बगळा पाणघोड्याच्या पाठीवर चढून उभा राहिला तेव्हा मी आधीच योग्य जागी होते. फोटो शंभर जणांकडे असेल तसाच आहे, पण तो मिळाला एवढं खरं.

ताडोबाची सवय असेल तर इथे एक मोठा फरक जाणवेल. गाइड नाही, ठरलेली फेरी नाही, तुमची गाडी आणि तुम्ही. गाडी डावीकडूनच चालवायची असते आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याला जड जात नाही. फोटो काढणाऱ्याने मात्र पुढे बसू नये. मागची पूर्ण सीट घ्यावी, म्हणजे जनावर ज्या बाजूला निघेल त्या खिडकीकडे सरकता येतं. मी मागे, नवरा पुढे, आणि 'थोडं मागे, अजून थोडं, बस' यावरून आमची रोज एकदा तरी जुंपते.

इंजिन बंद केल्याशिवाय शटर दाबू नका. ६०० मिलिमीटरवर गाडीची थरथर फोटोत उतरते. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. खिडकीच्या काठावर ठेवायला रिकामी कापडी पिशवी घरून शिवून न्या आणि पहिल्या वाण्याकडे दोन किलो तांदूळ घेऊन भरा. काच अर्धी वर करून त्यावर पिशवी, पिशवीवर लेन्स. तांदूळ शेवटच्या रात्री कॅम्पवर खिचडीला लावायचे.

सेडान की एसयूव्ही, असंही काही जण विचारतात. सप्टेंबरात गवत बसकं असतं, तेव्हा साधी बुटकी गाडी मला जास्त आवडते, कारण सिंहाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळ जाता येतं. उंच जीपमधून काढलेल्या फोटोत जनावर नेहमी खालून वर बघणारं आणि गरीब दिसतं. डिसेंबरात उलट, गवतावरून बघायला उंच गाडी हवी.

सेटिंगबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही भिगवणचे फोटो टाकता ते पाहिले आहेत. चालत्या जनावराला शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, उडत्या पक्ष्याला १/२०००, बाकी ऑटो आयएसओवर, म्हणजे उजेडाचा हिशेब कॅमेऱ्यावर, सोडा. एवढंच सांगते की सप्टेंबरात सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरून तापलेली हवा लहरायला लागते आणि लांबचा कुठलाही फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. लोक लेन्सला दोष देतात. ६०० चा प्राइमही त्या हवेपुढे काही करू शकत नाही. जवळ असेल तेच काढा, किंवा स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिक तळ्याच्या लपणात (आडून पक्षी बघायच्या खोपटात) जाऊन बसा. तिथे गाडीतून उतरता येतं आणि खंड्या, कमळपक्षी अगदी समोर येतात.

उद्यानाच्या बाहेर स्वस्तात राहण्याचा विचार दिसतोय. नोव्हेंबर ते जानेवारीत कॅम्पची दारं पहाटे साडेचारला उघडतात, उद्यानाची बाहेरची दारं साडेपाचला. तो एक तास म्हणजे दिवसाचा सगळ्यात चांगला उजेड. सप्टेंबरात दोन्ही सहालाच उघडतात, पण तेव्हाही आतला माणूस दार उघडताक्षणी जंगलात असतो आणि बाहेरचा रांगेत.

हत्तींबद्दल मात्र थट्टा नाही. गंडस्थळातून मद पाझरणारा हत्ती आपण काव्यात वाचलेला असतो; तो समोर आला की कानशिलावरची ओली रेघ स्पष्ट दिसते. असा माजावर आलेला एकटा नर रस्त्यावरून तुमच्या दिशेने चालत असेल तर कॅमेरा खाली ठेवा आणि वेळीच मागे जा. गाडी लावतानाच मागे जायला वाट आहे ना ते बघा. आणि गेंड्याचे फोटो टाकताना जागा सांगू नका, फोटोतलं लोकेशनही काढून टाका. शिकारी तेच शोधत असतात.

आता किनारा. इथे आपण कोकणातली माणसं एका बाबतीत फसतो. आपल्याला भरती-ओहोटीचं गणित पाठ असतं: उधाणाची भरती, भांगाची भरती, कुठल्या वेळी कुठला खडक उघडा पडतो. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. केपला हा फरक जेमतेम दीड-दोन मीटर. त्यामुळे वाटतं, इथला समुद्र सौम्य आहे. पण तिथे भीती भरतीची नसते, लाटेची असते. दक्षिणेकडच्या खुल्या महासागरात कुठे तरी लांब वादळ झालेलं असतं आणि त्याच्या लाटा इथे निळ्या आभाळाखाली येऊन धडकतात. दहा-पंधरा मिनिटं सगळं शांत, आणि मग लागोपाठ तीन-चार थोराड लाटा. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाट माणसाला कशी ओढते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. माझा नियम: खडकावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघायचं, ओला दिसेल त्या खडकावर पाय ठेवायचा नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही.

फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, एकच घ्यायची तर सहा स्टॉपची घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दहा स्टॉपने दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं की समुद्र सांडलेल्या दुधासारखा होतो, आणि मग तो केपचा काय नि केळशीचा काय. अर्धा ते एक सेकंद ठेवलात तर लाट परतताना खडकावरून ओघळणाऱ्या पांढऱ्या रेघा राहतात. शिवाय केपच्या थंड पाण्यात केल्प नावाचं जाडजूड समुद्री शेवाळ वाढतं, दोऱ्यांसारखं पृष्ठभागावर लोळत असतं. अर्ध्या सेकंदात त्याची हालचाल फार सुरेख उमटते. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, वारा आडवा करेल. रोज रात्री त्याचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

दिशांचा हिशेब करून घ्या. तिथे सूर्य दुपारी उत्तरेला असतो. टेबल माउंटनचा तो प्रसिद्ध सपाट माथा (उंची हजार मीटरच्या थोडी वर) ब्लाउबर्गच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे बघत काढतात, त्यामुळे उजेड पाठीमागून किंवा बाजूने मिळतो. इथे डिसेंबरवाल्यांचं नशीब चांगलं: उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की डोंगरावर ढगाची चादर पसरते आणि कड्यावरून खाली ओघळते. तिथले लोक तिला टेबलक्लॉथच म्हणतात. मात्र तोच वारा किनाऱ्यावरची वाळू लेन्सवर मारतो, तेव्हा लेन्स बदलायची ती गाडीत बसून.

कॅम्प्स बे, चॅपमन्स पीक ही अटलांटिकची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे, आपल्या कोकणासारखी, सूर्यास्त समुद्रात. डिसेंबरात तो आठच्या सुमारास होतो, जेवणाची वेळ तशी ठरवा. सायमन्स टाउन आणि बोल्डर्सचे पेंग्विन पूर्वेच्या बाजूला आहेत. तिथे संध्याकाळी गेलात तर डोंगराची सावली लवकर पडलेली असते. सकाळी दार उघडताच जा. १९८२ मध्ये तिथे पेंग्विनच्या अवघ्या दोन जोड्या आल्या आणि त्यातून वसाहत वाढली. तिथे एवढी गर्दी पाहून खरं वाटत नाही, पण २०२४ पासून हा पेंग्विन अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जगात दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत. त्यांची पाण्याकडे जायची वाट अडवून बसू नका. छाती पांढरीशुभ्र असते, ऊन आलं की एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली घ्या, नाहीतर पिसं दिसत नाहीत. आणि हो, ओरडतात अगदी गाढवासारखे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र केप ऑफ गुड होपच्या अभयारण्याला द्या. लोक पाटीसमोर फोटो काढून तासाभरात परततात (आफ्रिकेचं खरं दक्षिण टोक ते नव्हेच, ते पुढे अगुल्हासला). तुम्ही जंगल आणि समुद्र असे दोन वेगळे प्रश्न विचारलेत. इथे ते एका चौकटीत येतात. शहामृग लाटांच्या कडेने चालत असतं. बॉन्टेबॉक नावाचं पांढऱ्या तोंडाचं, गडद तपकिरी हरीण दिसतं. एके काळी हे अवघे १७ उरले होते आणि १९३१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं उद्यान काढावं लागलं. माझ्या तिन्ही सहलींतला मला आवडणारा फोटो इथलाच आहे, आणि तो २४-७० वर काढलेला आहे: खाली कोपऱ्यात एक बॉन्टेबॉक, मागे सगळा फेसाळ अटलांटिक. २००-६०० लावून मी आधी त्याचं नुसतं तोंड काढत बसले होते, तसले पन्नास फोटो पुसून टाकले. तिथल्या बबून माकडांपासून खाऊची पिशवी आणि उघडी खिडकी दोन्ही सांभाळा.

सप्टेंबर ठरला तर हर्मानसला एक पूर्ण दिवस ठेवा. बोटीची गरज नाही, कड्यावरच्या पायवाटेवरून राइट व्हेल जवळ दिसतात. पाठीवर पर नाही आणि फवारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, त्यावरून ओळखू येतात. तुमची २००-६०० तिथे पुरून उरेल.

केपटाऊनच्या आसपास निर्जन किनाऱ्यावर पहाटे एकट्याने ट्रायपॉड लावू नका, आणि गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. आमच्या ओळखीच्या एकाची काच फुटली ती भर दुपारी, दहा मिनिटांत.

केनिया जोडायचं मनात असेल तर पिवळ्या तापाची लस आधी घ्या, परतताना विमानतळावर विचारतात. माझं मत विचाराल तर या खेपेला जोडूच नका, बारा दिवसांत ते बसत नाही. तारखा पक्क्या झाल्या की इथेच कळवा. लोअर साबीला नदीकडे तोंड असलेल्या खोल्या कुठल्या ते सांगते. त्या फार आधी भरतात.