नाशिकहून मुंबईच्या ट्रायलला जायचं तर

वडिलांना कंपवात आहे, डॉक्टरांनी मुंबईत नव्या औषधाची ट्रायल सुचवली आहे, नाशिकहून ये-जा झेपेल का आणि खोटी (औषध नसलेली) गोळी मिळाली तर काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी ये-जा, कारण बहुतेकांचं तिथेच फसतं. अशा ट्रायलमध्ये काही तपासण्या 'ऑफ' अवस्थेत, म्हणजे औषधाचा असर उतरलेला असताना करतात. त्यासाठी लेव्होडोपाची, म्हणजे कंपवाताच्या नेहमीच्या औषधाची, शेवटची गोळी आदल्या संध्याकाळी, मग निदान बारा तास काही नाही, आणि सकाळी डॉक्टर बोटांची चिमटी भराभर उघडमिट करायला लावतात, हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतात, मागून खांदे ओढून तोल पाहतात. अशा तपासणीला सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जायचा बेत करू नका. गोळीशिवाय नाशिकरोडच्या फलाटावर पाय जमिनीला चिकटले तर एकट्या माणसाला आवरत नाही, आणि कसाऱ्याला गाडी खोळंबली की 'ऑफ'चे तास उगाच लांबतात. आदल्या दिवशीच जाऊन हॉस्पिटलजवळ मुक्काम करा. प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळणार का, हे सही करण्याआधी विचारा. सांगितलेल्या वेळेपलीकडे गोळी बंद ठेवू नका. लेव्होडोपा एकदम तोडली तर जोराचा ताप येऊन अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं.

दुसरी अडचण डायरीची. दर अर्ध्या तासाचा रकाना असतो: झोप, ऑफ, ऑन (गोळीचा असर चालू), किंवा ऑन पण अंग वळवळतंय. रात्री बसून आठवून भरलेली डायरी कुचकामी. कंप आणि वळवळ यांतही गल्लत होते. कंपाला लय असते आणि तो बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो. वळवळीला लय नसते आणि ती बऱ्याचदा गोळीचा जोर असताना येते. रकाने चुकले की ऑफचे तास चुकतात आणि निवडीतच नाव गळू शकतं. आईलाही हे शिकवून घ्या.

खोट्या गोळीचं म्हणाल, तर बऱ्याच ट्रायलमध्ये ती चालू औषधांच्या जोडीला देतात, चालू औषध काढत नाहीत. तुमच्या ट्रायलमध्ये तसंच आहे ना, ते विचारा. महिनाभरात बरं वाटलं म्हणून खरी गोळी मिळाली असं मात्र धरू नका. या आजारात मेंदूत जे कमी पडतं ते डोपामिन नुसत्या आशेनेही स्रवतं.

वडील खाजकुइलीचं चूर्ण घेत असतील तर नक्की सांगा, तिच्या बियांत लेव्होडोपाच असतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी चक्कर-उलटीसाठी स्टेमेटिल दिलं तर हालचाल आणखी बिघडते, म्हणून ट्रायलचं कार्ड कायम खिशात असू द्या.

कागदांत सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा आणि त्यांच्या साइटवर टाकून पाहा. नोंद, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि केंद्रांची यादी तिथे दिसते. २०१९च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही, शिवाय कधीही बाहेर पडता येतं. बाहेर पडताना ट्रायलची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका, काहींची मात्रा हळूहळू उतरवावी लागते. संमतीपत्र मराठीतलं घ्या, घरी आणून वाचा, आणि सही केलेली एक प्रत तुमच्याकडे ठेवा.