क्लेअर हॉलिंगवर्थला महायुद्धाची बातमी नशिबाने मिळाली का?

ताई, तुम्ही जळगावात पत्रकारिता शिकताय आणि विचारलंय की नोकरीला आठवडाही झाला नसताना ब्रिटिश पत्रकार क्लेअर हॉलिंगवर्थला दुसऱ्या महायुद्धाची बातमी मिळाली, यात नशीब किती?

नशीब वाऱ्याच्या एका झोताएवढं. बाकी सगळं तिचं.

लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' या दैनिकाने ऑगस्ट १९३९ मध्ये तिला घेतलं, तेव्हा ती २७ वर्षांची होती. पण त्याआधी काही महिने ती पोलंडमध्येच नाझींपासून पळालेल्या निर्वासितांना ब्रिटनचे व्हिसा मिळवून देत होती. मुलूख आणि माणसं ओळखीची झालेली. म्हणूनच २८ ऑगस्टला, सीमेवरून फक्त वकिलातीच्या गाड्या सोडत असताना, पोलंडमधल्या कातोवित्से शहरातल्या ब्रिटिश कॉन्सलने (वाणिज्यदूताने) तिला स्वतःची गाडी दिली. गाडीला ब्रिटिश झेंडा होता. ती जर्मन हद्दीतल्या ग्लायवित्सला गेली. अंतर साधारण जळगाव ते भुसावळ. तिथे तिने वाइन, टॉर्च अशी खरेदी केली. परतताना रस्त्याकडेला गोणपाटाचे उंच पडदे लावलेले दिसले. वाऱ्याने एक पडदा उडाला आणि खालच्या दरीत शेकडो रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा दिसल्या.

ती जर्मनीत जाऊन आली यावर कॉन्सलचा आधी विश्वासच बसेना. तिने जर्मन दुकानांतला माल पुढे केला, मग त्यांनी लंडनला गुप्त तार पाठवली. तिने बातमी फोनवरून वॉर्साच्या सहकाऱ्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती छापून आली, पण तिच्या नावाशिवाय.

त्या बातमीचा मथळा नीट बघा. सीमेवर १,००० रणगाडे, हे सरळ विधान. खाली १० डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) सज्ज, पण 'असे समजते' या अर्थाच्या शब्दासह. नवा बातमीदार नेमका इथे चुकतो. हतनूर धरणाचं पाणी सोडलं, तर ४१ पैकी किती दरवाजे उघडे आहेत ते स्वतः मोजून लिहा. विसर्ग किती क्युसेक, ते पाटबंधारे खात्याच्या हवाल्याने लिहा. दोन्ही एका वाक्यात कालवलं की आकडा चुकल्यावर डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं ठरतं.

१ सप्टेंबरला जर्मनीचा पोलंडवर हल्ला सुरू झाला. तिने फोन केला. वॉर्सातल्या ब्रिटिश वकिलातीचा अधिकारी म्हणाला, वाटाघाटी अजून चालू आहेत. तिने फोनचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरला आणि रणगाड्यांचा आवाज ऐकवला.

१९६३ मध्ये बैरुतहून किम फिल्बी हा ब्रिटिश पत्रकार गायब झाला. तो मूळचा गुप्तहेर खात्यातला. हॉलिंगवर्थने बंदरातल्या जहाजांच्या नोंदी तपासल्या. त्याच रात्री एक सोव्हिएत जहाज ओडेसाकडे निघालं होतं. फिल्बी सोव्हिएत संघात पळाला अशी बातमी तिने दिली, पण ती तेव्हा ज्यात होती त्या 'गार्डियन'ने बदनामीच्या खटल्याच्या धास्तीने ती सुमारे तीन महिने दाबून ठेवली. माझ्या मते तिचं हे काम रणगाड्यांच्या बातमीपेक्षा सरस आहे, कारण इथे वाऱ्याचीही मदत नव्हती.

'जगातली पहिली महिला युद्धवार्ताहर' असं मात्र लिहू नका. तिच्या आधीही बायका रणांगणावरून लिहीत होत्या. फ्लोरेन्स डिक्सी १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत होत्या. भारतातलं उदाहरण हवं असेल, तर प्रभा दत्त घ्या. १९६५ च्या युद्धात 'हिंदुस्तान टाइम्स'ने त्यांना आघाडीवर पाठवायला नकार दिला. त्यांनी रजा टाकली, पंजाबच्या सीमेवरच्या खेमकरणला गेल्या, तिथून वार्तापत्रं धाडली, आणि ती छापली गेली.