जांबोटी-कणकुंबी भागात मुक्कामी फिरण्यासाठी गाडीत दुसरी बॅटरी बसवत आहे; फ्यूज कुठे लावावा?

फ्यूज एक नव्हे, दोन लावावेत, दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांपासून वीतभर अंतराच्या आत. कारण फ्यूज वायरीचे रक्षण करतो, आणि मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडल्यास दोन्ही बाजूंनी प्रवाह येऊन ती पेट घेऊ शकते. फ्यूजचे अँपिअर वायरीच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावेत. 12 व्होल्टवर चालणारा 60 वॅटचा फ्रिज जेमतेम 5 अँपिअर घेतो, हे पाहून बारीक वायर निवडण्याचा मोह होतो. परंतु चार्जिंगचा प्रवाह त्याच्या कितीतरी पट असू शकतो. तिकडच्या मुसळधार पावसाचा विचार करता जोडण्या घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. मात्र गाडीत स्मार्ट अल्टरनेटर (गरजेनुसार व्होल्टेज कमी-जास्त करणारे वीज बनवणारे यंत्र) असल्यास दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या साध्या रिलेऐवजी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचऐवजी, दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा डीसी-डीसी चार्जर घ्यावा.