ऑफिसची गोपनीय कागदपत्रं मोबाइलवर सुरक्षित ठेवायला कोणतं अ‍ॅप चांगलं?

अ‍ॅप कुठलंही घ्या हो. आधी मला सांगा, तुमचे साहेब फोन करून "टाका व्हॉट्सअ‍ॅपवर" म्हणतात का? म्हणत असतील तर तुमचा प्रश्न अ‍ॅपचा नाहीच.

मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघायचे. बोनसची यादी माझ्याकडे असायची. कायद्याचा ८.३३ टक्के बोनस कुणापासून लपवायचा नसतो, तो कामगारांना आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो. लपवायची असते ती त्याच्यावरची रक्कम, साहेबांच्या मर्जीची, पाकिटातून जाणारी. ती यादी मी एक्सेलमध्ये पासवर्ड लावून ठेवायचे, आणि पासवर्ड म्हणजे फाइल उघडतानाचा. (नुसतं शीट 'प्रोटेक्ट' करून निर्धास्त झोपणारे अकाउंटंट मी पाहिलेत. त्यानं आकडे बदलता येत नाहीत एवढंच. वाचता सगळे येतात.)

खंडेनवमीला सकाळी मशिनची पूजा झाली. साहेबांनी स्वतःच्या मोबाइलवर हौसेनं फोटो काढले आणि दसऱ्यासाठी गावाकडे निघाले. दुपारी वाटेतून फोन. "मॅडम, बोनसची यादी बघायची होती." म्हटलं, मेल केलीय, पासवर्ड तुमच्याकडे आहेच. "ते मोबाइलवर उघडत नाही. पासवर्डची कटकट नको, स्क्रीनशॉट काढा आणि टाका व्हॉट्सअ‍ॅपवर." मी एकदा म्हटलं, "साहेब, फोटो नको." त्यावर, "अहो, माझ्याच फोनवर येतोय ना?"

टाकला.

आता बघा काय होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो गॅलरीत आपोआप उतरतो, सेटिंग बदललं नसेल तर. आणि गॅलरी लागते तारखेनं. म्हणजे झेंडूच्या हारांच्या शेपटाला माझी बोनस यादी. रात्री साहेबांनी बोट ओढत दिवसभराचे सगळे फोटो एकदम निवडले आणि कारखान्याच्या ग्रुपवर सोडले. हार घातलेलं लेथ, ड्रिलिंग मशिन, पेढ्यांचं ताट, नारळ फोडताना साहेब, आणि शेवटी ६१ जणांची नावं, पुढे आकडे.

नऊ मिनिटांत त्यांनी 'सर्वांसाठी हटवा' केलं. नऊ मिनिटं पुष्कळ झाली. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या एका फिटरनं आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि दारातच विचारलं, "मॅडम, आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो. त्याला माझ्यापेक्षा ४,२०० जास्त कशाचे?" काय सांगणार? आकडा मी टाइप केला होता, ठरवला नव्हता.

आणि सोमवारी सुपरवायझरांसमोर साहेब मलाच म्हणाले, "तुम्ही स्क्रीनशॉट काढलातच कशाला?" सगळं बोलणं फोनवरचं. लेखी एक अक्षर नाही. मी गप्प बसले, ते गप्प बसणं अजून घशात अडकलंय.

असो, तुमचा प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपमधलं मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा, स्वतःच्या फोनवर आणि जमलं तर साहेबांच्याही. सॅमसंगचा फोन असेल तर सिक्युअर फोल्डर, म्हणजे वेगळ्या लॉकचा कप्पा, वापरा. कंपनीनं अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल करून दिलं असेल तर सोन्याहून पिवळं: ब्रीफकेसचं चिन्ह असलेली ऑफिसची अ‍ॅप वेगळी राहतात, आणि नोकरी सोडताना कंपनी तेवढाच भाग पुसते, लेकराच्या बारशाचे फोटो जागच्या जागी. लॉक केलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. ड्राइव्हवर शेअर करताना माणसाचा मेल आयडी घाला. 'लिंक असलेलं कुणीही' म्हणजे खरंच कुणीही. फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच चॅटमध्ये पाठवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

कामाला लागलेल्या नवीन मुलांची आधार कार्डं फुकटच्या स्कॅनर अ‍ॅपनं स्कॅन करू नका. आम्ही वर्षानुवर्षं कॅमस्कॅनर वापरलं. २०१९ मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला तेव्हा आम्हाला पत्ताही नव्हता. जून २०२० मध्ये सरकारनं ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात त्याचं नाव वाचलं तेव्हा कुठे जाग आली. शक्य तिथे मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

कायद्याचा धाक घालून बघितला मी. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आला तेव्हा साहेबांना दाखवलं, दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो म्हणून. "तेवढी आपली उलाढाल असती तर!" म्हणून हसले.

एक मात्र कबूल करते. तो स्क्रीनशॉट माझ्याही फोनमध्ये होता आणि मी तो पुसायला विसरले. गूगल फोटोजचा बॅकअप चालू, त्याच खात्यावर घरचा टॅब. दिवाळीच्या सुट्टीत लेक विचारते, "आई, ही कुणाची नावं आहेत गं?" तेव्हा पुसला, तर तो ट्रॅशमध्ये जाऊन बसला. बॅकअप घेतलेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, लगेच घालवायचा तर तिथूनही हातानं पुसावा लागतो. हे मी साहेबांना कधीच सांगितलं नाही. आणि माणूस वाईट नव्हता, माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला होता.

तरी सांगते, तोंडी सांगितलं तर पाठवू नका. "मेसेज करा, मग पाठवते," एवढंच म्हणायचं. नव्या ठिकाणी मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, फोनवर दोन सेकंद शांतता होती आणि मग मेसेज आला. त्या जुन्या साहेबांचा फोन ४७ सेकंदांचा होता. कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट मी ठेवलाय. तो मात्र सिक्युअर फोल्डरमध्ये.