एकाच कॉम्प्युटरवरच्या पाच-सहा प्रोसेसना एकच मेसेज कसा पोहोचवायचा?

तुम्ही लिहिलंय की लिनक्सवर एक पायथन प्रोसेस शेअरचे भाव नेमड पाइपमध्ये (फाइलसारखं नाव असलेल्या, प्रोसेसमधल्या नळीत) टाकते, पलीकडे पाच-सहा प्रोसेस वाचत बसतात, पण प्रत्येक भाव कुठल्या तरी एकीलाच मिळतो. पाइप बिघडलेला नाही, तो चालतोच तसा. चाळीतल्या नळासारखं आहे: एकाच्या हंड्यात पडलेलं पाणी दुसऱ्याच्या हंड्यात येत नाही. पॉसिक्स मेसेज क्यू, म्हणजे सिस्टिमची मेसेजची रांग, तिचंही तेच. कामं वाटून द्यायला दोन्ही उत्तम. तुम्हाला मात्र प्रत्येकाच्या हातात प्रत हवी आहे.

मी मुंबईत ट्रेडिंग सिस्टिमवरच काम करतो, म्हणून आग्रहाने सांगतो: कुठली लायब्ररी घ्यायची हे नंतर बघा. एखादी प्रोसेस मागे पडली तर काय करायचं, ते आधी ठरवा.

मी तुमच्या जागी असतो तर युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच मशिनवरच्या दोन प्रोसेसना जोडणारी वाट) घेतलं असतं, सॉक_सेकपॅकेट (SOCK_SEQPACKET) प्रकारचं. त्यात मेसेजच्या सीमा टिकतात, अर्धा मेसेज हातात येत नाही. भाव घेणारी प्रोसेस सर्व्हर, बाकीच्या तिला जोडलेल्या, आणि लूप लावून प्रत्येकीला सेंड. आता समजा त्यातली एक प्रोसेस डिस्कवर लॉग लिहिताना अडकली. सॉकेट ब्लॉकिंग असेल, म्हणजे जागा होईपर्यंत वाट बघणारं, तर तिचा बफर (न वाचलेले मेसेज साठवायची जागा) भरताच तुमचा सेंड तिथेच थांबतो आणि बाकीच्यांचे भावही थांबतात. बफर साधारण २०८ किलोबाइटचा असतो. त्यात शंभर बाइटचे दोन हजार मेसेज मावतील असं वाटतं, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक मेसेजमागे स्वतःचा भारही धरतं, त्यामुळे जेमतेम काहीशे मावतात. ‘एसएस -एक्सपी’ (ss -xp) ही कमांड चालवून सेंड-क्यू, म्हणजे पाठवून अजून न वाचलेला डेटा, बघा, कोण तुंबलंय ते लगेच दिसतं.

म्हणून सॉकेट नॉन-ब्लॉकिंग ठेवा. बफर भरलेला असला की सेंड न थांबता पायथनचा ब्लॉकिंगआयओएरर (BlockingIOError) देतो. तो आला की भावांच्या बाबतीत जुना भाव टाकून द्या आणि त्या प्रोसेससाठी प्रत्येक शेअरचा फक्त ताजा भाव राखून ठेवा. शिळा भाव कुणाच्याच कामाचा नसतो. ऑर्डर किंवा ट्रेड असतील तर एकही गाळायचा नाही. मागे पडलेल्या प्रोसेसचं कनेक्शन तोडा, तिला पुन्हा जोडू द्या, आधी त्या क्षणाची पूर्ण स्थिती द्या आणि मग पुढचे मेसेज. प्रत्येक मेसेजला क्रमांक द्याच, नाहीतर मधलं काही गळलं हे कळणारही नाही.

लूपमधला क्रमही महत्त्वाचा आहे. इथल्या एनएसई या शेअर बाजाराचा टिक-बाय-टिक (प्रत्येक बदलाचा) डेटा पूर्वी टीसीपीवरून, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या कनेक्शनवरून, ब्रोकरांना एकामागून एक जायचा, त्यामुळे आधी जोडलेल्याला आधी मिळायचा. बाजार नियामक सेबीच्या २०१९ च्या आदेशात हे नोंदलेलं आहे. २०१४ मध्ये तिथे मल्टिकास्ट आलं, म्हणजे एकदा पाठवलेलं सगळ्यांना एकदम पोहोचवणारी पद्धत. तुमच्याकडे फरक मायक्रोसेकंदांचा असेल, तरी दर वेळी लूपची सुरुवात वेगळ्या प्रोसेसपासून करा, फार कष्ट नाहीत.

एकाच मशिनवर यूडीपी मल्टिकास्टही चालतं: २३९ ने सुरू होणारा ग्रुपचा पत्ता, टीटीएल (पॅकेटने किती टप्पे जायचं ती मर्यादा) शून्य, म्हणजे पॅकेट मशिनबाहेर जात नाही. वाचणाऱ्या प्रत्येक प्रोसेसने बाइंड (पोर्टला जोडणं) करण्याआधी एसओ_रीयूजअ‍ॅड्रेस (SO_REUSEADDR) लावायचं, म्हणजे एकाच पोर्टवर अनेक जणींना ऐकता येतं. पाठवणाऱ्याला एकदाच सेंड करावा लागतो, पण वाचणाऱ्याचा बफर भरला की पॅकेट मुकाट्याने गळतं आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नुसत्या भावांना चालेल, ऑर्डरना अजिबात नाही.

मेसेज केवढे आणि सेकंदाला किती, ते कळवा. बफर किती वाढवायचा ते त्यावरून सांगता येईल.